रेतीतून रुजलेली वाडी

वसईची वाडी ही निसर्गाची देणगी आहे, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. बाहेरगावचा पाहुणा निर्मळ, भुईगाव किंवा आगाशीच्या बाजूला येतो. माडांच्या सावलीतील केळीचे घड, नागवेलीचे वेल आणि मोगऱ्याचे वाफे पाहून तो म्हणतो, 'काय ही तुमची सुपीक जमीन!' आपणही ते कौतुक संतोषाने स्वीकारतो. आमच्या मते या कौतुकात आपल्या पूर्वजांवर थोडा अन्याय होतो. ज्या जमिनीला आज सुपीक म्हटले जाते, ती त्यांच्या हाती आली तेव्हा तशी नव्हती. समुद्राने लोटलेल्या रेतीत आणि खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर त्यांनी ही वाडी उभी केली. माती त्यांनी पिढ्यान् पिढ्या घडवली आणि गोडे पाणी साठवून, जपून वापरले. ही विद्या त्यांनी कशी संपादन केली आणि ती विसरली गेल्यास आपण नेमके काय गमावू, याचा विचार या लेखात करण्याचा आमचा मानस आहे.

जमिनीचे मूळ रूप

पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेला वसई तालुका नकाशावर पाहावा. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, उत्तरेस वैतरणेचे मुख, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र. खाड्यांच्या काठाने खाजणे आणि मिठागरे, मधल्या सखल भागात भाताची शेते आणि समुद्राला समांतर असे रेताड उंचवटे. आपली जुनी गावे, चर्चे, देवळे, विहिरी आणि वाड्या बहुतांशी या उंचवट्यांवर व त्यांच्या आसपास वसलेल्या दिसतात. पावसाळ्यात सखल भाग पाण्याखाली जात असता हे उंचवटे कोरडे राहत. वस्तीसाठी जागा योग्य होती, परंतु शेतीसाठी ती मुळीच सोयीची नव्हती.

रेताड जमिनीचे दोष शेतकऱ्याला सांगावे लागत नाहीत. तिच्यात चिकणमातीचा अंश अत्यल्प असतो. त्यामुळे पाणी ओतावे आणि ते डोळ्यांदेखत खाली झिरपून जावे, असा तिचा स्वभाव. पाण्याबरोबर खताचा कसही वाहून जातो. उन्हात ती लवकर तापते आणि कोवळ्या मुळांना चटका देते. त्यात समुद्र जवळ असल्याने वाऱ्याबरोबर क्षार येतात आणि भूगर्भातही खारे पाणी दबा धरून असते. या जमिनीचा गुण म्हणाल तर एकच. ती मोकळी व भुसभुशीत असते, मुळांना सहज वाट देते आणि पावसाचे पाणी तुंबू देत नाही. वसईच्या वाडीचा सारा इतिहास म्हणजे हा एक गुण राखून बाकीच्या दोषांवर केलेली मात होय.

कागदोपत्रींचा इतिहास आणि कागदाबाहेरचा इतिहास

हा किनारा फार प्राचीन काळापासून गजबजलेला आहे. सोपारे हे सम्राट अशोकाच्या काळातही महत्त्वाचे ठिकाण होते, हे तेथे सापडलेल्या शिलालेखाने सिद्ध झाले आहे. ख्रिस्ती इतिहासाचा विचार करता १३२१ हे साल आपल्या परिचयाचे आहे. त्या वर्षी ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना हौतात्म्य प्राप्त झाले आणि डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास आणून पुरले. याच जॉर्डानस यांनी भारतातील नवलाईंचे वर्णन करणारा एक लॅटिन ग्रंथ लिहिला. त्यात नारळ, फणस आणि आंबा या फळांचे वर्णन आढळते. युरोपातून आलेल्या त्या धर्मगुरूला आपल्या बागायतीचे केवढे अप्रूप वाटले असेल!

पुढे २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकून घेईपर्यंत त्यांची सत्ता टिकली. या दोन शतकांत पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिका खंडातील अननस, पपई, पेरू, काजू, मिरची, रताळी अशी कितीतरी पिके पश्चिम किनाऱ्यावर आली. आज मिरचीवाचून आपल्या घरचे एकही कालवण शिजत नाही. परंतु परक्या मुलखातून आलेले बी या रेतीत जगवले कोणी, हा प्रश्न इतिहासाची पुस्तके फारसा विचारत नाहीत. गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना व धर्मसंघांना भाडेपट्ट्याने दिल्याच्या नोंदी दप्तरांत आहेत. रहाट हाकणाऱ्याचे आणि आळी करणारणीचे नाव कोठेही नाही.

१७३९ नंतर पोर्तुगीज जमीनदार निघून गेले. परदेशी धर्मगुरूही गेले. ज्यांना ही माती समजत होती ते कष्टकरी मात्र येथेच राहिले. सामवेदी, वाडवळ, पानमाळी अशा अनेक समाजांतील कुटुंबांनी धर्माने ख्रिस्ती असोत वा हिंदू, वाडीची विद्या सारख्याच निष्ठेने पुढे चालवली. बांधाच्या अलीकडचा पंथ निराळा आणि पलीकडचा निराळा असला, तरी पाटाचे पाणी एकाच पद्धतीने वाहत होते. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने वसईच्या बागायतीची, विशेषतः ऊस, केळी व नागवेलीच्या लागवडीची दखल घेतली आहे. त्यांतील ऊस आता आपल्या वाड्यांतून दिसेनासा झाला आहे.

कागदाबाहेरचा इतिहास वाचायचा असेल तर जुन्या वाडीत हातभर खणून पाहावे. वरच्या थरात काळसर, ओलसर, गांडुळांनी भरलेली माती लागते. जसजसे खाली जावे तसतसा रंग फिकट होत जातो आणि अखेर निव्वळ रेती हाती येते. तो वरचा काळा थर हेच आपल्या पूर्वजांचे दप्तर होय.

बावखल: गोड्या पाण्याचे शहाणपण

रेताड जमिनीत बाग करायची तर प्रथम पाण्याचा विचार हवा. वसईत वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने काय करायचे, याचे उत्तर पूर्वजांनी बावखलाच्या रूपाने शोधले.

आजच्या तरुण वाचकांपैकी अनेकांनी हा शब्द केवळ ऐकला असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. बावखल म्हणजे वाडीच्या सखल कोपऱ्यात खणलेले पसरट तळे. त्याला विहिरीसारखी बांधीव, उभी भिंत नसते. काठ उतरते असतात. काठावर करंज, उंबर, जांभूळ, आंबा यांसारखी झाडे राखलेली असत. त्यांच्या मुळांनी काठ धरून ठेवले जात आणि सावलीमुळे पाणी कमी आटे. पावसाचे वाहते पाणी बावखलात उतरे, तेथे थांबे आणि सावकाश भोवतालच्या रेतीत मुरे. उन्हाळ्यात तेच पाणी उलट पाझरून बावखलात येई. एकेका बावखलावर अनेक कुटुंबांचा हक्क असे आणि पाणी पाळीपाळीने घेतले जाई. शिंपण्याच्या पाळीवरून भावाभावांत कुरबुरी झाल्या असतील. परंतु पाणी सर्वांचे आहे हा संकेत मोडला जात नसे.

या रचनेतील खरे मर्म आधुनिक शास्त्राने फार उशिरा उलगडले. समुद्रकाठच्या रेतीत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते वजनाने किंचित हलके असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉलंडमध्ये आणि पुढे १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने याचे गणित मांडले. भूगर्भातील गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ फूट उंच असेल, तर त्या सपाटीखाली साधारण ४० फुटांपर्यंत गोडे पाणी सापडते. याचा उलट अर्थ अधिक गंभीर आहे. उपशामुळे ही पातळी १ फूट खाली गेली, तर खाऱ्या पाण्याची सीमा कालांतराने सुमारे ४० फूट वर सरकते. म्हणजे किनाऱ्यावरची विहीर हे एक नाजूक तराजू आहे. बावखल उथळ व पसरट असल्याने वरचेवरचे गोडे पाणी तेवढे उचलले जाई आणि खालचे खारे पाणी न हलता तसेच राही. आपल्या पणजोबांनी हे गणित कधी मांडले नसेल. परंतु कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात मचूळ होते हे ते जिभेवर ओळखत आणि तेवढ्यापुरता उपसा थांबवत.

पाणी उचलण्यासाठी रहाट होता. बैल किंवा रेडा रिंगणात फिरे, मातीच्या लोट्यांची माळ खाली जाऊन भरून वर येई आणि पन्हळीत रिती होई. तेथून पाटाने पाणी आळ्याआळ्याला पोहोचे. रहाटाची गती जनावराच्या पावलांइतकी. जनावर थकले की उपसा थांबला. तोवर रेतीतून नवे पाणी पाझरून येई. या संथपणाने भूगर्भातील समतोल अनेक पिढ्या राखला.

माती घडवण्याची विद्या

पाण्याची सोय झाली तरी रेतीत पाणी ठरणार कसे? यावर उपाय एकच. रेतीच्या कणाकणांमध्ये कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश मिसळत राहणे. हा अंश स्पंजासारखे पाणी धरतो आणि खताचा कस वाहून जाऊ देत नाही. पण उष्ण व दमट हवेत तो झपाट्याने जिरून जातो. म्हणून मातीला दरवर्षी, किंबहुना दर हंगामात, नवा घास द्यावा लागतो. वाडीचा सारा दिनक्रम या एका गरजेभोवती गुंफलेला होता.

आपल्या अनेक घरांत म्हशी असत. त्यांचे दूध मुंबईला जाई आणि शेण वाडीत. गोठ्यातील गवताचा चोथा, चुलीची राख, झाडलेला पाचोळा, केळीचे कापलेले खांब आणि माडाची वाळलेली झावळे, यांपैकी काहीही फुकट जात नसे. केळीचा घड उतरवला की खांबाचे तुकडे करून त्याच केळीच्या बुंध्याशी पसरत. जे मातीतून आले ते मातीला परत मिळे. नारळाची सोडणे माडाच्या आळ्यात पुरली जात आणि पाणी धरून ठेवत. एरंडीची पेंड बाजारातून विकत आणून जपून वापरली जाई. कोळीवाड्यांतून खाण्याजोगी नसलेली सुकी मासळीही खत म्हणून वाड्यांत येई. समुद्राने जमिनीला रेती दिली होती. तिचा कसही काही अंशी समुद्रानेच पुरवला.

सर्वांत महत्त्वाचा होता बावखलाचा गाळ. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी तळाला गेले की गाळ उपसून वाडीत पसरला जाई. गाळात चिकणमाती असते, आणि रेतीला नेमकी तिचीच उणीव असते. म्हणजे एकाच कामाने बावखल खोल होई, त्याचे झरे मोकळे होत आणि वाडीची माती सुधारे.

मातीवरचे छप्परही तितकेच विचारपूर्वक रचले जाई. वर माड, त्याखाली पोफळ व केळ, त्याखाली आधाराच्या झाडांवर चढलेली नागवेल किंवा पडवळ-कारल्याचे मांडव आणि जमिनीलगत अळू, हळद, सुरण. भर उन्हाची तिरीप मातीवर थेट पडू नये, पावसाचा मारा पानापानावर अडून खाली यावा आणि वेगवेगळ्या खोलीवरच्या मुळांनी निरसलेपण सांभाळत आपापला वाटा घ्यावा, हा त्यामागचा हेतू. पानमळ्यात आधारासाठी लावला जाणारा पांगारा शेंगवर्गातला आहे. त्याच्या मुळांवरील गाठींमुळे हवेतील नत्र जमिनीला मिळतो आणि त्याचा पाला कुजून खत होतो. कारण ठाऊक नसले तरी परिणाम डोळ्यांपुढे होता, म्हणून तो लावला जाई.

इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर रचून खत तयार करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गाजली. भारतातील शेतकरी हे आपले गुरू आहेत, अशी कबुली त्याने पुढे आपल्या लेखनातून मोकळेपणाने दिली. आपल्या उकिरड्याकडे नाक मुरडणाऱ्या सुशिक्षितांनी ही कबुली ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विद्यालय नसलेले शिक्षण

ही विद्या शिकवली कोणी? तिला ना पाठ्यपुस्तक होते ना परीक्षा. नव्या जागेत वाडी करायची तर एका वर्षात फळाची अपेक्षा कोणी धरत नसे. प्रथम कुंपण व वाऱ्याला आडोसा, मग पाण्याची सोय. त्यानंतर चवळी-वालासारखी, स्वतः तग धरून जमिनीलाही काही देणारी पिके. माती थोडी ओल धरू लागली की अळू आणि केळ. केळीची सावली मिळाली की तिच्या आसऱ्याला माडाचे रोप. माड फळाला येईपर्यंत लावणाऱ्याचे केस पिकू लागत. नातवंडांसाठी माड लावावा, हे वाडीत वेगळे शिकवावे लागत नसे.

या शिक्षणात स्त्रियांचा वाटा मोठा होता आणि त्याची नोंद फारच थोडी झाली आहे. बियाणे राखणे हे बहुधा घरातील वडीलधाऱ्या बाईचे काम. कोणत्या वेलीवरचा दुधी बियाण्यासाठी ठेवायचा, राखेत बी किती दिवस टिकते, मोगऱ्याची छाटणी केव्हा करायची, हे सासूकडून सुनेकडे जाई. मोरीचे पाणी अळवाला आणि केळीला वळवण्याची युक्तीही याच गृहिणींची. घराच्या मागील दारी चार केळी, एक शेवगा, कढीपत्ता, मिरचीची रोपे आणि दारात जास्वंद व तगर असे; ती परसबाग म्हणजे मोठ्या वाडीची बालवाडी होती. मुले तेथे प्रथम पाणी घालायला शिकत.

वाडीचा माल बाजारात नेण्याचे कष्टही स्त्रियांनी उपसले. १८६४ मध्ये या भागातून रेल्वे धावू लागली आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली. तेव्हापासून पहाटेच्या गाड्यांनी भाजी, फुले, केळी आणि दुधाच्या चरव्या मुंबईकडे निघू लागल्या. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवून केलेली सुकेळी केळीच्या वाळलेल्या पानांत बांधून निर्मळच्या जत्रेत विकायला येत. याच पैशांतून घरे उभी राहिली, मुलामुलींची शिक्षणे झाली आणि कित्येक घरांतून धर्मगुरू व धर्मभगिनी प्रभूच्या मळ्यात पाठवल्या गेल्या. आपल्या समाजाच्या शिक्षणाचा पाया या रेतीत आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

तराजू कलंडला

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रहाटाच्या जागी प्रथम तेलावरची इंजिने आणि पुढे विजेचे पंप आले. जनावराचे कष्ट वाचले, माणसाचे श्रम हलके झाले. ते व्हायलाच हवे होते. परंतु पंप थकत नाही, आणि त्यामुळे उपशाला असलेली नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. रासायनिक खते आली तेव्हा उकिरड्याची निगा कमी झाली. रेतीत ती खते पावसाबरोबर वाहूनही गेली. पुढे मुंबईची वस्ती रेल्वेमार्गाने उत्तरेकडे सरकली. इमारतींच्या बांधकामासाठी आणि नव्या वसाहतींसाठी विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, आणि अनेक विहिरी मचूळ होऊ लागल्या. तराजूचे जे गणित वर सांगितले, ते येथे आपल्यापुढे प्रत्यक्ष मांडले गेले.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस या उपशाविरुद्ध आणि अनिर्बंध बांधकामाविरुद्ध 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी तिचे नेतृत्व केले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक म्हणून लेखणीने आणि रस्त्यावर उतरून वाणीने त्यांनी पाण्याचा प्रश्न हा धर्माचाही प्रश्न आहे, हे आपल्याला शिकवले. सर्व धर्मांचे लोक त्या लढ्यात एकत्र आले. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, तेव्हा या भूमीचे रक्षण ही नव्या धर्मप्रांताचीही चिंता होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पृथ्वी हे आपले सर्वांचे घर आहे अशी हाक दिली, त्यापूर्वी पाव शतक ती हाक वसईच्या वाड्यांतून उठली होती, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो.

तरीही किती बावखले बुजली! जमीन सपाट करण्यासाठी भराव घातला गेला आणि काही ठिकाणी बावखल हे निव्वळ डासांचे डबके मानून कचऱ्याने भरले गेले. बुजलेल्या बावखलाबरोबर पावसाचे पाणी मुरण्याची जागा गेली, उन्हाळ्यातला साठा गेला, दरवर्षीचा गाळ गेला आणि पाळी वाटून घेण्याची रीतही गेली. समाधानाची गोष्ट अशी की गेल्या काही वर्षांत आपल्या भागातील काही तरुणांनी बावखलांचे महत्त्व ओळखून त्यांची सफाई व जतन करण्याचे काम हाती घेतले आहे.

पुन्हा पहिल्या इयत्तेत

आज आपल्यापैकी अनेक कुटुंबांकडे मोठी वाडी उरलेली नाही. नव्या घराभोवती चार-सहा हात जागा असते आणि तीही बहुधा मुरूम व विटांचे तुकडे यांनी भरलेली. 'या मातीत काही उगवत नाही' असे म्हणून तेथे फरशी बसवली जाते. आमचे नम्र मत असे की आपल्या पूर्वजांना मिळालेली रेती या मुरमापेक्षा फारशी बरी नव्हती. ज्या क्रमाने त्यांनी वाडी उभी केली, तोच क्रम लहान जागेलाही लागू पडतो.

सगळ्या जागेशी एकदम झुंजू नये. एका चटईएवढी जागा निवडावी. हातभर खणून मोठे दगड बाजूला काढावेत आणि खड्ड्यात वाळका पाला, स्वयंपाकघरातील ओला कचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर द्यावेत. पावसाळ्यापूर्वी हे काम केले तर पहिल्या सरींबरोबर सारे कुजू लागते. पहिल्या हंगामात चवळी किंवा वाल लावावेत, पीक निघाल्यावर मुळे जमिनीतच राहू द्यावीत. माती उघडी ठेवू नये. तिच्यावर पाचोळ्याचे पांघरूण सदैव असावे. अंगणातला पाला जाळण्याची सवय सोडावी, कारण जो धूर होऊन जातो तो आपल्याच मातीचा घास असतो. मोरीच्या पाण्यावर एक केळ आणि अळवाचा वाफा सहज जगतो. मात्र त्या पाण्यात तीव्र रसायने मिसळू नयेत. छपरावरचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. मग दुसऱ्या वर्षी खणताना एखादे गांडूळ दिसले, तर माती जिवंत होऊ लागल्याची ती खूण समजावी.

हे सारे करताना बाजारभावाचा हिशेब मांडला तर मनुष्य निराश होईल. दोन जुड्या अळवाच्या आणि मूठभर मिरच्यांच्या पैशात श्रमांचे मोल निघणार नाही. परंतु ज्या मुलाने हाताने माती घडवली आहे, त्याला उद्या वाडी विकण्याचा कागद समोर आला तर सही करताना आपण काय विकत आहोत हे निदान कळेल. कोणत्याही कुटुंबाला अडचण नसते असे नाही, आणि विकणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. मात्र ती जागा म्हणजे निव्वळ अमुक इतके गुंठे नव्हेत, तर कित्येक पिढ्यांनी टोपली-टोपलीने घातलेली माती आहे, हे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ठाऊक असावे. इमारत पाच वर्षांत उभी राहते. तसा काळा थर तयार व्हायला किती पिढ्या लागल्या, हे आपण पाहिलेच आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानात फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षे वाट पाहून मालक झाड तोडायला सांगतो. माळी त्याच्याजवळ आणखी एका वर्षाची मुदत मागतो आणि त्या वर्षात आपण भोवती खणून खत घालू, असे वचन देतो. या दाखल्यातून देवाच्या सहनशीलतेचा बोध आपण घेतो, तो योग्यच आहे. परंतु वसईच्या माणसाने त्या माळ्याच्या हातांकडेही पाहावे. तो झाडाला दोष देत नाही, जमिनीलाही देत नाही. तो कुदळ आणि खताची टोपली मागतो. आपल्या पूर्वजांनी या रेतीला तशीच मुदत दिली आणि पिढ्यान् पिढ्या ते खणत राहिले. आज ती कुदळ आपल्या हाती आली आहे, आणि यंदाचा पावसाळाही फार दूर नाही.